सहा किलोमीटरचं इंजिन

सफाळ्याहून विरारला जायचं तर पाण्यानं अंतर दीड किलोमीटर आणि रस्त्यानं साठच्या घरात. मधे वैतरणेची खाडी पसरलेली आहे. गाडीवाल्याला वरई फाटा करून मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठावा लागतो आणि मग पुन्हा विरारकडे उतरावं लागतं. २०२५ मध्ये नारंगी आणि खारवाडेश्री यांच्यामध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा कुठे या वळशाला पर्याय मिळाला. रेल्वेला ही अडचण कधीच नव्हती. विरार सुटलं की वैतरणा, आणि वैतरणा सुटलं की सफाळे. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि पालघर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातलं गाडी घेण्याचं गणितही त्याच रुळांवर बसलं.

इथला नोकरदार मुंबई गाठायला गाडी घेत नाही, स्टेशन गाठायला घेतो. सातपाटी, शिरगाव, माहीमहून पालघर. चिंचणी, नवापूर, दांडीहून बोईसर. आसपासच्या पाड्यांवरून केळवे रोड किंवा वाणगाव. कुणाला तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीचं गेट गाठायचं असतं, कुणाला अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतून बोईसरच्या बाजारात यायचं असतं. अंतर पाच-सात किलोमीटर, फार तर दहा-बारा. गाडी सकाळी स्टेशनाबाहेर लावायची, दिवसभर ती उन्हापावसात उभी राहणार, संध्याकाळी तेवढंच अंतर परत. रविवारी केळव्याचा किनारा, सणाला जव्हार किंवा वज्रेश्वरी. वर्षाकाठी पाच-सहा हजार किलोमीटर झाले तरी डोक्यावरून पाणी.

आणि तरीही जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा. डिझेल वीस-बावीस देतं म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. छोट्या जुन्या गाडीतले बहुतेक पस्तावे या एका प्रश्नातून सुरू होतात. इंजिन निवडताना ॲव्हरेजच्या आधी विचारायला हवं ते हे: गाडी एका दमात किती किलोमीटर चालणार आहे?

छोट्या गाडीत इतके पर्याय आले कुठून, हे समजून घेतलं तर बाजारातल्या आकड्यांचं कोडं सुटतं. बोनेटखाली १,१९७, १,१९८, १,१९९ सीसी असे आकडे भारतातच इतके का दिसतात? २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानं चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. कंपन्यांनी इंजिनं त्या रेषेच्या आत बसवली. २००५ ची मारुती स्विफ्ट १,२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन आली होती. २०१० मध्ये त्या जागी १,१९७ सीसीचं के-सीरिज इंजिन आलं. ह्युंदाईचं कप्पा, टाटाचं रेव्होट्रॉन, होंडाचं आय-व्हीटेक, सगळी त्याच उंबरठ्याच्या अलीकडे. पुढे जीएसटी आला तरी ही व्याख्या टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला तोही याच रेषेला धरून. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, त्यामुळे त्याआधीचा ‘चालू भाव’ सांगणाऱ्या विक्रेत्याशी घासाघीस करायला जागा आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी. पेट्रोलचे दर सरकारनं जून २०१० मध्ये खुले केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं होतं, तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. बत्तीस रुपयांचा हा फरक पाहून घराघरांत डिझेल गाड्या आल्या. रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्यानं घेतली, तशी रोज पाच जाणाऱ्यानंही घेतली. २०१२-१३ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या.

या लाटेचा नायक म्हणजे फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. मारुतीनं ते २००७ मध्ये स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावानं बसवलं, टाटानं इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावानं. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणून गाडीवेड्यांनी त्याचं कौतुक केलं आणि ते सार्थ होतं. ७५ अश्वशक्ती, टायमिंगला बेल्टऐवजी चेन, महामार्गावर वीसच्या वर ॲव्हरेज. मग डिझेलचा दर खुला झाला आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि मारुतीनं त्याच मुहूर्तावर डिझेल इंजिन बंद केलं. टाटा टियागोचं १,०४७ सीसीचं डिझेलही गेलं. आज बोईसर, पालघर, वसई-विरारच्या जुन्या बाजारात स्वस्तात दिसणारी डिझेल स्विफ्ट, रिट्झ, ग्रँड आय-१०, व्हिस्टा, फिगो ही त्या काळाची शिल्लक आहे. किंमत कमी आहे त्याला कारण आहे, आणि ते घेणाऱ्यानं नीट समजून घ्यायला हवं.

डिझेल इंजिनाला गरम व्हायला वेळ लागतो. पेट्रोलच्या मानानं त्याचा लोखंडी गाभा जड आणि वाया जाणारी उष्णता कमी, त्यामुळे पाच-सात किलोमीटरांत कूलंटचा काटा जेमतेम वर येतो, आतलं ऑईल तर अजून कोमटच असतं. इंजिन गार असताना जळण अपुरं होतं आणि काजळी वाढते. धुरातला काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह या काजळीनं हळूहळू माखतो. मग गाडी ओढत नाही, पिकअप जातो, काळा धूर मारते. टर्बोला गरम, पातळ ऑईल लागतं. त्याला रोज गार, जाड ऑईलच मिळालं तर बेअरिंगचं आयुष्य घटतं. स्टेशनाबाहेर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणीही सुकत नाही. सातपाटी किंवा दांडीसारख्या गावात बाहेरून खारी हवा आणि आतून हे पाणी, दोन्हीकडून गंज धरतो.

बीएस-६ च्या डिझेलमध्ये आणखी एक जबाबदारी येते. ग्रँड आय-१० नियॉस, ऑरा, अल्ट्रोझ, बीएस-६ फिगो आणि अमेझ यांच्या डिझेल आवृत्त्यांत काजळी अडवणारा डीपीएफ, म्हणजे गाळणी असते. साठलेली काजळी जाळून ती गाळणी साफ व्हायची तर गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगानं चालावी लागते. पालघर स्टेशनाच्या फेऱ्यांत ती संधीच मिळत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, लोक दुर्लक्ष करतात, आणि शेवटी गाळणी तुंबून गाडी सर्व्हिस सेंटरला जाते. दर रविवारी चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून तासभर एका वेगात गाडी चालवायची शिस्त असेल तर हे टळतं. अशी शिस्त पाळणारे थोडे.

म्हणून डिझेल वाईट, असं मुळीच नाही. मनोरहून रोज वसईला किंवा भिवंडीला जाणारा, आठवड्यातून दोनदा वापी-सिल्वासाला माल दाखवायला जाणारा, जव्हार-मोखाडामार्गे नाशिकला ये-जा करणारा, यांच्यासाठी चांगलं जपलेलं डिझेल आजही सोन्यासारखं आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास उंचावर आहे. चार माणसं आणि सामान घेऊन तो चढ चढताना डिझेलचा खालच्या फेऱ्यांवरचा जोर कळतो. तिसऱ्या गिअरवर गाडी शांतपणे वर जाते. अशा माणसानं मल्टिजेट बघावं, टोयोटा इटिऑस लिव्हाचं १,३६४ सीसीचं डी-४डी बघावं, होंडाचं १,४९८ सीसीचं आय-डीटेक बघावं. लिव्हा दिसायला साधी, आतून थोडी ओकीबोकी. पण तिचं इंजिन लाखांनी किलोमीटर चालवलेले टॅक्सीवाले आहेत. मात्र त्याचाच दुसरा अर्थ असा की खासगी म्हणून दाखवली जाणारी गाडी आधी भाड्यानं धावलेली नाही ना, हे तपासायला हवं.

दुर्मीळ इंजिनापासून दूर राहिलेलं बरं. मारुतीनं २०१५ मध्ये सेलेरिओत ७९३ सीसीचं, दोनच सिलिंडरचं डिझेल आणलं. कागदावर ॲव्हरेज लिटरला २७.६२ किलोमीटर, पण आवाज आणि थरथर इतकी की दोन वर्षांच्या आत ते गाडीतून गेलं. शेवरले बीटमध्ये ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं डिझेल होतं; शेवरलेनं २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. फिगोच्या १.५ डिझेलला शंभर अश्वशक्तीची ताकद, चालवायला अतिशय मजेदार गाडी. पण इंजेक्टर किंवा सेन्सर गेला तर पार्टसाठी बोईसरचा मेकॅनिक मुंबईला फोन लावणार आणि गाडी आठवडाभर गॅरेजात उभी राहणार. ज्याच्याकडे दुसरं वाहन नाही त्यानं हा धोका घेऊ नये.

डिझेलच्या बाबतीत कागदांचा प्रश्नही इथे जास्त तीव्र आहे, कारण पालघर जिल्हा सीमेवर आहे. उत्तरेला वलसाडच्या जीजे १५, पलीकडे दादरा-नगर हवेलीच्या डीएन ०९ आणि दमणच्या डीडी ०३ पासिंगच्या गाड्या. तिथला रस्ता कर कमी, म्हणून गाडी स्वस्त दिसते. महाराष्ट्रात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची तर मोटार वाहन कायद्यानुसार इथलं पासिंग करावं लागतं. मूळ आरटीओची एनओसी आणायची आणि इथला एकरकमी कर भरायचा. महाराष्ट्रात हा कर डिझेलवर पेट्रोलपेक्षा जास्त आणि सीएनजीवर दोन्हींपेक्षा कमी. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या सिल्वासाच्या डिझेल गाडीची किंमत विरारच्या आरटीओतून एमएच ४८ ची पाटी घेऊन बाहेर पडेपर्यंत कुठल्या कुठे गेलेली असते. दिल्लीच्या गाड्यांचंही तसंच. तिथे दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादानं बंधनं घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दहा वर्षांच्या जवळ आलेल्या कितीतरी डिझेल गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. गाडी मुळात कुठली, हे एम-परिवहन ॲपवर आणि आरसी बुकात तपासावं. तोंडी सांगण्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही.

आता पेट्रोल. स्टेशनाच्या फेऱ्यांसाठी उत्तर बहुतेक वेळा इथेच आहे, पण पेट्रोलमध्येही आठशे, हजार आणि बाराशे असे तीन मार्ग फुटतात.

आठशेचं, खरं तर ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन ही मारुतीची सर्वांत जुनी ठेव. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून २०२३ मध्ये बंद झालेल्या अल्टो ८०० पर्यंत त्याच घराण्याचं इंजिन बदलत बदलत चाललं. अल्टो ८०० मध्ये ४८ अश्वशक्ती. बोईसरच्या गल्लीतला कोणताही मेकॅनिक डोळे मिटून ते उघडू शकतो, पार्ट प्रत्येक दुकानात मिळतो. एकटा माणूस किंवा दोघं, सपाट रस्ता, सहा किलोमीटर: यापेक्षा जास्त काही लागत नाही. पण पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत, चार माणसं बसवून, एसी लावून ही गाडी चालवली की तिची मर्यादा कळते. चालक एसी बंद करतो, दुसरा गिअर टाकतो, मागचा ट्रक हॉर्न देत राहतो.

हजारचं के-१० इंजिन २०१० मध्ये अल्टोत आणि वॅगन आरमध्ये आलं. ९९८ सीसी, ६८ अश्वशक्ती, आणि टायमिंगला चेन. ही चेन फार महत्त्वाची. ७९६ सीसीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, ह्युंदाईच्या सँट्रोला आणि आय-१० च्या १.१ इंजिनालाही बेल्ट. रबरी बेल्ट साधारण लाख किलोमीटरला बदलायचा असतो, पण कमी चाललेल्या गाडीत तो वयानंही कडक होतो. ‘निवृत्त साहेबांची गाडी, बारा वर्षांत पस्तीस हजार’ अशी जाहिरात ऐकली की घेणारा खूश होतो. अशा गाडीत बेल्ट बारा वर्षांचा आहे का, हे कुणी विचारत नाही. चालत्या गाडीत तो तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकून डोकंच उतरवावं लागतं. बेल्टची गाडी घ्यायला हरकत नाही; बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा आणि पहिल्याच आठवड्यात तो बदलून टाकावा.

बाराशेच्या इंजिनाचं मोल आकड्यांपेक्षा रस्त्यावर जास्त कळतं. जानेवारी २०१९ मध्ये आलेली वॅगन आर दोन्ही इंजिनांत मिळायची, त्यामुळे तुलना सोपी आहे: हजारला ६८ अश्वशक्ती आणि तीन सिलिंडर, बाराशेला ८३ अश्वशक्ती आणि चार सिलिंडर. गाडी तीच, वजनात किरकोळ फरक. एकटा चालक असेल तर दोन्हीत ॲव्हरेजचा फरक लिटरमागे एखाद्-दोन किलोमीटरचा. पण पाच माणसं भरली की चित्र उलटतं. हजारच्या इंजिनाला सतत पिळावं लागतं, ते जास्त फेऱ्यांवर ओरडतं आणि पेट्रोलही पितं, तर बाराशेचं त्याच चढावर आरामात असतं. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, ज्यांना महिन्यातून एकदा तरी डोंगराकडच्या गावी जायचं आहे, त्यांनी बाराशेच घ्यावं. जास्तीचे पंचवीस-तीस हजार द्यावे लागले तरी द्यावेत. स्विफ्ट, इग्निस, बलेनोचं १,१९७ सीसीचं के-१२, ह्युंदाईचं कप्पा आणि होंडा ब्रिओ-जॅझचं १.२, या तिन्हींत निवड करायची तर इंजिनाच्या नावापेक्षा त्या एका गाडीची निगा बघावी. तिन्ही घराणी खानदानी आहेत.

टियागोचं १,१९९ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते. पण गाडीचा सांगाडा भक्कम आणि जुन्या बाजारात भाव वाजवी. रेनो क्विड ७९९ सीसी आणि ९९९ सीसी अशा दोन इंजिनांत आली, तिथे मोठंच बघावं. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या, जसं पोलोचं १.० टीएसआय किंवा अल्ट्रोझ आय-टर्बो, महामार्गावर मन जिंकतात. मात्र त्यांना वेळच्या वेळी चांगलं ऑईल लागतं, आणि आधीच्या मालकानं ते घातलं की नाही हे गाडीकडे बघून कळत नाही. पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

पेट्रोलवाल्यांपुढे अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिलाय, इथेनॉलचा. जून २०२२ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य गाठलं, २०२५ मध्ये वीस टक्के. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्क्यांसाठी तयार केलेल्या आहेत. जुन्या बाजारातल्या बहुतांश गाड्या त्याआधीच्या. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. त्यापेक्षा जपायचं ते जुन्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि टाकी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पालघरचा पावसाळा म्हणजे चार महिने हवेत पाणीच. आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्ध्याखाली ठेवू नये, आणि २०१२ च्या आधीची गाडी घेताना फ्यूएल लाइन एकदा मेकॅनिकला बघायला सांगावी.

राहिला सीएनजी. मुंबईला गॅस महानगर गॅस पुरवते, पालघर जिल्ह्यात गुजरात गॅस. वसई-विरारपासून महामार्गाला धरून आणि आता पालघर-बोईसरकडेही पंप झाल्यानं सीएनजी गाडी इथे परवडणारी झाली आहे. किती परवडते? पेट्रोल लिटरला १०४, डिझेल ९१ आणि सीएनजी किलोला ८० रुपये धरू. खरोखरचं ॲव्हरेज पेट्रोलला १६, डिझेलला २०, सीएनजीला किलोमागे २४ धरू. पेट्रोलचा किलोमीटर साडेसहा रुपयांना पडतो, डिझेलचा साडेचारला, सीएनजीचा तीन रुपये तेहतीस पैशांना. स्टेशनाच्या फेऱ्या मारणाऱ्याचे वर्षाचे सहा हजार किलोमीटर धरले तर पेट्रोलवर ३९ हजार, डिझेलवर २७ हजार, सीएनजीवर २० हजार. डिझेलनं वाचलेले बारा हजार एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत जाऊ शकतात. शिवाय सहा किलोमीटरच्या गार फेरीत डिझेल वीसचं ॲव्हरेज देतच नाही. सीएनजीनं वाचलेले एकोणीस हजार खरे आहेत, पण सीएनजी मॉडेल मुळात महाग मिळतं, तो फरक भरून निघायला तीन-चार वर्षं लागतात. रोज सत्तर किलोमीटर महामार्ग तुडवणाऱ्याचे वर्षाला वीस हजार किलोमीटर होतात. त्याचे पेट्रोलवर एक लाख तीस हजार, डिझेलवर ९१ हजार, सीएनजीवर ६७ हजार. त्याच्यासाठी निवड स्पष्ट आहे.

पण सीएनजी म्हणजे नेमकं कोणतं, इथे अर्धे लोक फसतात. कंपनीतून आलेल्या सीएनजी गाडीचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका कोरड्या गॅसची उष्णता सोसतील अशा बनवलेल्या असतात, सस्पेन्शन टाकीच्या वजनाला पुरेल असं असतं. बाहेर बसवलेल्या किटमध्ये साधं पेट्रोल इंजिनच गॅसवर चालतं. चांगल्या माणसानं बसवलेलं किट वर्षानुवर्षं चालतं, हेही खरं. मात्र त्याची नोंद आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात आणि विमा पॉलिसीत असलीच पाहिजे. नोंद नसलेलं किट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीशी भांडण. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते. ती बघावी, आणि तारीख उलटून गेली असेल तर टेस्ट करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकावी.

गॅसवर ताकद कमी होते. वॅगन आरच्या हजारच्या नव्या इंजिनाला पेट्रोलवर ६७ अश्वशक्ती, सीएनजीवर ५७. वाघोबा खिंडीतला अल्टोचा प्रसंग इथेही आठवावा. साठ लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतो आणि डिकी संपते. घोलवडच्या चिकूची दोन खोकी ठेवायलाही जागा उरत नाही, बागायतदाराला ही अडचण खरोखरची आहे. टाटानं २०२३ पासून दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या, पण त्या गाड्या जुन्या बाजारात अजून थोड्याच. आणखी एक गोष्ट सीएनजीवाले हमखास विसरतात. पैसे वाचवायला पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने कोरडी ठेवली की आतला पंप जळतो. जुनी सीएनजी गाडी बघताना ती पेट्रोलवर टाकून दोन किलोमीटर चालवावी. अडखळली तर कारण समजून घ्यावं. वॅगन आर ड्युओसारख्या एलपीजीच्या गाड्या मात्र सोडून द्याव्यात, त्यांचे पंप शोधत फिरावं लागतं.

रोज बारा किलोमीटरचीच फेरी असेल तर विजेची गाडी सर्वांत योग्य, हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेली टियागो ईव्ही आता जुन्या बाजारात दिसू लागली आहे. ज्याच्या दारात चार्जिंगची सोय आहे आणि बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी ज्याच्या नावावर रीतसर होणार आहे, त्यानं ती जरूर पाहावी. इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बोईसरच्या कामगाराला मात्र आज तरी ती सोय नाही.

पावसाचा विषय निघाला की वसई-विरारकडच्या गाड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. जुलै २०१८ मध्ये तो सगळा भाग पाण्यात होता, आणि पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उत्तरेकडे विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला गाळाची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या असतील, गालिच्याला कुबट वास असेल तर तेच. इथेही इंजिनाचा फरक पडतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कुणी स्टार्टर मारला तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, त्यात ज्वलनासाठी जागाच कमी, म्हणून थोडं पाणीही त्याला पुरतं.

मेकॅनिकला सोबत न्यायचे पाचशे-हजार रुपये वाचवू नयेत. वेळ सकाळची ठरवावी आणि ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगावं. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवावा. कोमट लागलं तर विकणाऱ्यानं गार स्टार्टचा दोष झाकायला गाडी आधीच गरम केली आहे. दुसऱ्या दिवशी परत जावं. गार इंजिन पहिल्या फेरीत पकडतं का, निळा धूर येतो का, टॅपेट किती वेळ वाजतात, ऑईलचं झाकण उघडल्यावर आतून फुंकर येते का, डिझेल असेल तर काळा धूर किती वेळ टिकतो, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं. मग गाडी नेहमीच्या वाटेनं स्टेशनापर्यंत न्यावी. आणि तिथून, घरातली जी चार माणसं पुढे तिच्यात बसणार आहेत तीच बसवून, एसी चालू ठेवून, मनोरच्या दिशेनं वाघोबा खिंड चढून यावं.